पहिल्या कडक हिवाळ्याआधी: घर गरम ठेवणारी यंत्रणा कशी निवडावी आणि कशी सांभाळावी

‘हीटर कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी त्यांना आधी संध्याकाळी खिडकीशेजारी दहा मिनिटं नुसतं बसायला सांगते. मानेवर गार झुळूक येते का? टाचा गारठतात का? बाहेरच्या भिंतीला तळहात लावला तर तो चटकन मागे घ्यावासा वाटतो का? यंत्राची निवड इथून सुरू होते. फुटका रांजण भरायला मोठी बादली आणून काय उपयोग? ऊब निसटायच्या वाटा आधी बुजवल्या की यंत्रही लहान पुरतं आणि बिलही आटोक्यात राहतं.

ज्यांच्या वाट्याला असा हिवाळा पहिल्यांदाच येतोय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम मात्र पाळा. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि मग दोन-तीन वर्षं त्याची किंमत मोजत राहतात.

पायरी १: गळती शोधा

वारा असलेला थंड दिवस निवडा. दारं-खिडक्या नीट लावून घ्या आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरातले हवा बाहेर फेकणारे पंखे सुरू करा. पंखा आतली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे फटींतून येणारी झुळूक ठळक जाणवते. घरात गॅसवर किंवा लाकडावर चालणारं काही पेटलेलं असेल तर ते आधी बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर हाच पंखा त्याचा धूर घरात खेचेल. आता एक उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ती जागा ठीक. तो आडवा झाला किंवा थरथरला की तिथे खडूने खूण करा. दाराखालची फट, विजेचे सॉकेट, भिंतीतून पाइप बाहेर जातो ती जागा, माळ्यावर जायची झडप, सगळीकडे बघा. गरम हवा वर चढते आणि छताजवळच्या फटींतून बाहेर पडते. तिच्या जागी खालच्या फटींतून गार हवा आत येते. म्हणून सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या फटी आधी बुजवायच्या. दारा-खिडक्यांना रबराची किंवा फोमची पट्टी, भिंतीतल्या बारीक भेगांना सीलंट आणि दाराखाली ब्रशची पट्टी, एवढ्या सामानात बरंच काम उरकतं.

काचेचं एक गणित करून दाखवते. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच अशी एकेरी काचेची खिडकी घ्या, म्हणजे जवळजवळ १.९ चौरस मीटर. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, सुमारे साडेपाच वॅट उष्णता बाहेर जाते. आत २० अंश सेल्सिअस आणि बाहेर शून्य असेल तर या एका खिडकीतून साधारण २०० वॅट निसटतात. दिवसभरात जवळजवळ पाच युनिट झाले, तेही एकाच खिडकीचे. साध्या दुहेरी काचेत हे नुकसान निम्म्यावर येतं. खास लेप दिलेली आणि मधे आर्गॉन वायू भरलेली दुहेरी काच असेल तर पावावर. घर भाड्याचं असेल आणि काच बदलणं हातात नसेल तर खिडकीच्या चौकटीवर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ताणून चिकटवा. मधली अडकलेली हवा दुसऱ्या काचेचं काम बऱ्यापैकी करते. रात्री जाड पडदे ओढा, पण खिडकीखाली रेडिएटर (आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारं धातूचं उपकरण) असेल तर पडदा त्याच्या वरच संपला पाहिजे, नाहीतर सगळी ऊब पडद्यामागे काचेलाच मिळते.

माळ्यावर किंवा छताखाली इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, नसेल आणि खर्च करायची मुभा असेल तर तो खर्च सर्वात आधी करा. नवीन यंत्राच्याही आधी.

एक गोष्ट मात्र कधीही बुजवू नका. इंधन जाळणाऱ्या उपकरणासाठी भिंतीत मुद्दाम ठेवलेली हवेची जाळी उघडीच राहिली पाहिजे. तिच्यातून गार वारा येतो हे खरं, पण ज्वाळेला लागणारी हवा तिथूनच येते.

पायरी २: किती ऊब लागते ते मोजा

घर आधीच गॅसवर गरम होत असेल तर जुन्या बिलात उत्तर आहे. सर्वात थंड महिन्यातला वापर घ्या आणि त्यातून उन्हाळ्यातल्या एका महिन्याचा वापर वजा करा, कारण तो अंघोळीच्या पाण्याचा आणि स्वयंपाकाचा असतो. समजा ३५० घनमीटरमधून ५० गेले, ३०० उरले. एका घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण १० युनिट म्हणजे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणून ३,००० युनिट झाले. जुना बॉयलर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून घरभर फिरवणारं यंत्र, त्यातले ८० टक्के घरात पोचवत असेल तर २,४०० युनिट. महिन्याच्या ७२० तासांनी भागलं की सरासरी येते ३.३ किलोवॅट. सर्वात कडाक्याच्या रात्री याच्या दीडपट-दुप्पट लागेल असं धरा, म्हणजे पाच ते सात किलोवॅट. आता भिंतीवरच्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा वाचा. कित्येक घरांत तिथे २४ लिहिलेलं असतं. अंघोळीचं पाणी झटपट तापवायला तेवढी ताकद लागते, घर गरम ठेवायला लागत नाही.

हा आकडा हाताशी असला की विक्रेत्याशी बोलणंच बदलतं. गरजेपेक्षा मोठं यंत्र दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत राहतं. त्यात इंधन वाया जातं, सुटे भाग लवकर झिजतात आणि खोलीत कधी उकडतं, कधी गारठतं. घर न बघता, खोल्या न मोजता फोनवरच ‘एवढ्याचं बसवून टाकू’ म्हणणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

बिलं नसतील तर खोलीगणिक हिशेब करून घ्यावा लागतो: भिंती, काच, छत, जमीन आणि हवेची गळती. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्या आणि हिशेब कागदावर मागा.

पायरी ३: यंत्र निवडा

विजेचे सुटे हीटर सर्वात सोपे. पंख्याचा हीटर, ऑइल हीटर, लालबुंद नळीचा हीटर, या सगळ्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एक युनिट वीज घेतली की एकच युनिट उष्णता मिळते. ‘आमचा ऑइल हीटर निम्म्या विजेत तेवढीच ऊब देतो’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. फरक पडतो तो ऊब कशी पोचते यात. पंख्याचा हीटर हवा लगेच तापवतो आणि बंद केला की खोली लगेच गार होते. ऑइल हीटर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, आवाज नसतो, म्हणून निजायच्या खोलीत तो बरा. नळीचा हीटर समोर बसलेल्या माणसाला शेकतो, हवेला फारसा नाही, म्हणून एकट्याने टेबलाशी काम करायचं असेल तर तोच स्वस्त पडतो. एक खोली, थोडे तास, थोडे दिवस, एवढ्यापुरते हे हीटर ठीक. अख्खं घर यांच्यावर महिनोन्महिने चालवलं तर बिल बघवणार नाही.

हीट पंपाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण नवख्या माणसाचा सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. हा पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. शून्य अंशाच्या हवेतही उष्णता असते. पंपातला द्रव त्याहून गार असतो म्हणून ती शोषून घेतो, त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गरम करतो आणि ती गरमी घरात सोडली जाते. आपला फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तीच करामत. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. एक युनिट वीज खर्चून बेताच्या थंडीत तीन-चार युनिट उष्णता मिळते. थंडी वाढली की हे प्रमाण घसरतं, पण थंड हवामानासाठी बनवलेले पंप उणे २० अंशांच्या खालीही काम करतात. घेताना माहितीपत्रकातला, बाहेर ७ अंश असतानाचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. तुमच्याकडे सर्वात थंड रात्री जे तापमान असतं, त्या तापमानाला यंत्र किती किलोवॅट देतं, तेवढं विचारा. पाइपातून गरम पाणी खेळवणारा पंप असेल तर पाणी जितकं कोमट पुरेल तितकी वीज वाचते. म्हणून खोलीच्या फरशीखाली बसवलेल्या गरम पाण्याच्या पाइपांशी त्याची चांगली जोडी जमते. तिथे ३० ते ४० अंशांचं पाणी पुरतं. रेडिएटर असतील तर ते आकाराने मोठे हवेत.

गॅस बॉयलर आणि रेडिएटर ही जुनी, ओळखीची व्यवस्था. नवीन घेणार असाल तर कंडेन्सिंग बॉयलरच घ्या. धुरातली वाफ थिजवून तिची उष्णताही तो परत मिळवतो, म्हणून कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर जाते. पण वाफ थिजण्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. कित्येक घरांत बॉयलरचं पाणी ८० अंशांवर लावलेलं असतं आणि महागडा बॉयलर जुन्यासारखाच चालतो. बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणारं पाणी ६० अंशांवर आणून बघा. खोल्या थोड्या उशिरा गरम होतील, पण होतील. पाण्याची साठवण टाकी असेल तर तिचं तापमान मात्र ६० अंशांच्या खाली नेऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात फुप्फुसाचा गंभीर आजार देणारे लिजिओनेला जंतू वाढतात.

गरम हवा नळ्यांतून खोल्यांत पोचवणारी भट्टी असेल तर नळ्यांचे सांधे तपासून घ्या. माळ्यावरून जाणाऱ्या नळीचा सांधा सुटला असेल तर तुम्ही माळा तापवत बसता.

लाकडाची बंद शेगडी उत्तम ऊब देते आणि वीज गेली तरी चालते. पण लाकूड कोरडं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असं रचून वर्ष-दोन वर्षं वाळवावं लागतं. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की कोरडे खणखणीत वाजतात, ओले बद्द वाजतात. उघडी फायरप्लेस बघायला सुंदर असते, पण घर गरम करण्यासाठी तिच्यावर विसंबू नका. तिची बहुतेक ऊब चिमणीतून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते.

भावांची तुलना करायची तर इंधनाच्या भावाला त्यातल्या ऊर्जेने आणि यंत्राच्या कार्यक्षमतेने भागा. एका किलो एलपीजीत सुमारे १३ युनिट, एक लिटर हीटिंग ऑइलमध्ये सुमारे १०, एक किलो कोरड्या लाकडात सुमारे ४. तिप्पट उष्णता देणारा हीट पंप आणि ९० टक्क्यांचा बॉयलर यांत वीज गॅसपेक्षा युनिटमागे ३.३ पट महाग होईपर्यंत पंपच स्वस्त पडतो. तुमचे दोन भाव घाला, पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

पायरी ४: थर्मोस्टॅटची जागा आणि आकडा

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान राखण्यासाठी यंत्र चालू-बंद करणारं उपकरण, उन्हात, रेडिएटरच्या वर किंवा बाहेरच्या दाराशी नको. ज्या खोलीत तुमचा बहुतेक वेळ जातो तिथे आतल्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीवर तो लावावा. आकडा वाढवला म्हणून घर लवकर गरम होत नाही, फक्त नंतर जास्त तापतं. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीत घरात निदान १८ अंश असावेत असं सुचवलं आहे. म्हातारी माणसं, तान्ही बाळं किंवा आजारी माणूस घरात असेल तर त्याहून जास्त ठेवा, तिथे काटकसर नको. रात्री दोन-तीन अंश कमी केले तर बॉयलरवर बचत होते. हीट पंपावर मात्र फार खाली उतरवू नका, पहाटे घर पुन्हा वर आणताना तो जोडीचा विजेचा हीटर लावतो आणि रात्री वाचवलेलं जातं.

पायरी ५: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म

या एका पायरीवर मी हट्टी आहे. आमच्या पहिल्या हिवाळ्यात आठवडाभर रोज सकाळी घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखायचं. मळमळायचं, पण ताप नाही. बाहेर पडलं की तासाभरात बरं वाटायचं. आम्ही सर्दीची साथ समजून काढे घेत बसलो. शेवटी तंत्रज्ञ आला, त्याने बॉयलर लगेच बंद केला आणि धुराच्या नळीतून काड्या, पिसं, वाळकं गवत असं पक्ष्याचं अख्खं घरटं ओढून काढलं. ते जमिनीवर पडलं तेव्हा माझे हातपाय गार पडले, कारण त्याच खोलीपलीकडे मुलं निजत होती.

धुराची नळी तुंबली की कार्बन मोनॉक्साइड घरातच साचतो, आणि या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. गॅस, तेल, लाकूड, कोळसा यांतलं काहीही घरात जळत असेल तर प्रत्येक मजल्यावर, निजायच्या खोल्यांजवळ अलार्म हवा. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा आणि मागे छापलेली मुदत बघा. साधारण पाच ते दहा वर्षांत त्याचा सेन्सर निकामी होतो, मग बटण दाबल्यावर आवाज आला तरी उपयोग नाही. अलार्म वाजला तर कारण शोधत थांबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून मदत बोलवा. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणं, किंवा गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणं, कितीही थंडी असली तरी कधीही करू नका.

निगा: थंडी पडायच्या महिनाभर आधी

तहान लागल्यावर विहीर खणायची सवय इथे महागात पडते. पहिल्या बर्फाळ सकाळी सगळ्यांचे बॉयलर एकदम बिघडतात आणि तंत्रज्ञ आठवडाभर मिळत नाही. इंधनावर चालणाऱ्या यंत्राची तपासणी वर्षातून एकदा जाणकाराकडूनच करून घ्या. गॅसच्या भागांना स्वतः हात लावू नका. मधल्या काळात ज्वाळा दिसत असेल तर तिच्याकडे लक्ष ठेवा. ती निळी आणि स्थिर असावी. पिवळी, फडफडणारी ज्वाळा किंवा आजूबाजूला काजळी दिसली की बंद करा आणि माणूस बोलवा. मुद्दाम पिवळी ज्वाळा दाखवणाऱ्या शोभेच्या गॅस शेगड्यांना हा नियम लागू नाही.

रेडिएटरमधली हवा काढणं मात्र घरच्या घरी जमतं. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा अडकली आहे. यंत्र बंद करा, पाणी निवू द्या. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोकाचा छोटा स्क्रू असतो. त्याखाली फडकं आणि वाटी धरा आणि चावी पाव फेरा उलटी फिरवा. आधी ‘स्स्स’ असा आवाज येतो, मग फुसफुसत पाणी, मग पाण्याची सलग धार. धार लागली की लगेच बंद करा, आवळताना जोर लावू नका, पितळ मऊ असतं. शेवटी बॉयलरचा दाब बघा. गार असताना तो साधारण १ ते १.५ बार हवा, कमी झाला असेल तर पाणी भरा. दर काही दिवसांनी दाब उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. उलट, रेडिएटर वरून गरम आणि खालून गार असेल तर तळाला गाळ साचला आहे. निघालेलं पाणी काळं असेल तर तो आतल्या लोखंडाचा गंज. अशा वेळी पूर्ण यंत्रणा धुऊन त्यात गंजरोधक घालून घ्यावं लागतं.

हीट पंपाच्या घरातल्या भागाच्या हवा गाळणाऱ्या जाळ्या दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावर बसवा. बाहेरच्या युनिटभोवती पानं आणि बर्फ साचू देऊ नका. थंडीत त्यातून कधीकधी एकदम वाफेचे ढग निघतात आणि पंखा थांबतो. घाबरू नका, तो स्वतःवरचं दव-बर्फ वितळवतो आहे. युनिटला प्लास्टिकने गुंडाळून ठेवणं मात्र चूक, त्याचा श्वासच बंद होतो.

भट्टीचा फिल्टर महिन्यातून एकदा उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, आणि त्यावरचा बाण हवा वाहते त्या दिशेला ठेवा.

लाकूड जाळत असाल तर चिमणी वर्षातून निदान एकदा साफ करून घ्या. ओल्या लाकडाच्या धुरातून आत डांबरासारखा थर साचतो, तो पेटला की चिमणी भट्टीसारखी धडधडते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, फरशीवर ठेवा. गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो.

सुट्या विजेच्या हीटरपासून पडदे, अंथरूण, कपडे एक मीटर दूर. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणून तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डला कधीही नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. गरम लागला तर सॉकेट ढिला आहे, आधी तो बदला. झोपताना हीटर बंद. मोसमात पहिल्यांदा लावल्यावर धूळ जळल्याचा वास काही मिनिटं येतो, तो ठीक. तो गेलाच नाही किंवा प्लास्टिकचा वास आला तर हीटर टाकून द्या.

खिडक्यांवर सकाळी पाणी ओघळत असेल तर घरात दमटपणा साचतोय, कोपऱ्यात बुरशी धरेल. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार व्हायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून घर पुन्हा लगेच तापतं. दिवसभर खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कंडेन्सिंग बॉयलर कडाक्याच्या सकाळी अचानक बंद पडला तर आधी त्याची बाहेर जाणारी बारीक प्लास्टिकची पाण्याची नळी बघा. ती गोठली की बॉयलर थांबतो. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि बॉयलर पुन्हा सुरू करा. नंतर त्या नळीला बाहेरून फोमचं आवरण चढवून घ्या.

काही दिवसांसाठी गावाला जाणार असाल तर यंत्र पूर्ण बंद करून जाऊ नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फाटतो. थर्मोस्टॅट १० ते १२ अंशांवर ठेवा, ओट्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे आतल्या पाइपांपर्यंत ऊब पोचेल, आणि नळाच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जा.